विणकामाची खोली आणि लोकरीचे सहा चेंडू

मंडळी, आज जरा लांबलचक लिहिणार आहे. चहा घेऊनच बसा.

'केजी' हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडलाय की आमच्या गावाकडच्या म्हाताऱ्यासुद्धा "नातू शिनियर केजीत हाय" असं ऐटीत सांगतात. त्या 'के' आणि 'जी'चा अर्थ विचारला की मात्र भलेभले गप्प होतात. किंडरगार्टन. जर्मन शब्द आहे, अर्थ सरळ: मुलांची बाग. आपल्याकडच्या केजीत बागेपैकी काय शिल्लक आहे हे मी सांगायला नको. आमच्या एका भाचेसुनेच्या साडेतीन वर्षांच्या लेकीला 'होमवर्क' असतो. रात्री साडेनऊला ती पोर डोळे चोळत आडव्या रेघा काढत बसलेली मी पाहिली आहे. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण अशा शाळा आता गल्लोगल्ली आहेत.

तर हा शब्द एका जर्मन पाद्र्याच्या मुलानं दिला. आणि शब्द जन्मायच्या सत्तर वर्षं आधी ती गोष्ट दुसऱ्या एका पाद्र्याच्या गावात चालू झाली होती. मी पहिली सहा वर्षं प्राथमिकला आणि नंतर निवृत्त होईपर्यंत हायस्कुलात इतिहास शिकवला. त्या इतिहासात राजे होते, तह होते, लढाया होत्या. तीन-चार वर्षांचं मूल त्यात कुठेच नव्हतं. आता या वयात ते शोधायला लागले, आणि त्याला कारण घरचंच आहे.

धाकटा लेक आणि सून जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतात. पाच वर्षांची नात तिथल्या चर्चच्या बालवाडीत जाते. यात विशेष काही नाही. जर्मनीतल्या साधारण एक तृतीयांश बालवाड्या प्रोटेस्टंट नाहीतर कॅथलिक चर्चच्याच आहेत. आमच्यासारखी हिंदू घरातली, तुर्की घरातली, कुठलाच धर्म न मानणारी, सगळी मुलं तिथे असतात. गेल्या वर्षी मी तीन महिने तिथे होते आणि रोज तिला सोडायला जात होते. पाऊस असो, थंडी असो, रबरी बूट घालून पोरं बाहेर. चिखल, काठ्या, दगड. नोव्हेंबरात संत मार्टिनचा दिवस असतो. त्यानं आपला झगा तलवारीनं अर्धा कापून भिकाऱ्याला दिला, अशी गोष्ट. त्यासाठी पोरांनी दोन आठवडे खपून कागदाचे कंदील केले आणि ११ तारखेला अंधारात ते घेऊन मिरवणूक काढली. आपल्या दिवाळीचा आकाशकंदील आठवून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते असो.

पण अक्षर म्हणाल तर एक नाही. पाच वर्षांची मुलगी, ना 'अ' लिहिता येतो ना 'ए'.

सूनबाईंचा जीव त्यामुळे टांगणीला लागला आहे. पुढच्या वर्षी ही मंडळी पुण्याला परत यायचं म्हणतायत. इथल्या तिच्या वयाच्या चुलतबहिणीला शंभरपर्यंत अंक येतात, इंग्रजी शब्द लिहिता येतात. "आई, तुम्ही एवढी वर्षं शिकवलंत, तुम्हीच सांगा. ही मागे नाही ना पडणार? चर्चवाले नुसते खेळवत ठेवतात हो पोरांना." तिचा प्रश्न खोटा नव्हता. आणि माझ्या मनात वेगळंच कुतूहल जागं झालं: हे 'नुसतं खेळवणं' चर्चला सुचलं तरी कधी? माझ्या डोळ्यापुढचा पाद्री म्हणजे काळा झगा आणि हातात छडी!

ती छडी अगदीच काल्पनिक नव्हती म्हणा. जर्मनीत हाल नावाच्या गावी १६९५ साली आउगुस्ट हेर्मान फ्रांके या पाद्र्यानं गरिबांच्या मुलांसाठी शाळा सुरू केली. काम फार मोठं. पुढे तिथे प्रचंड अनाथाश्रम उभा राहिला. तमिळनाडूतल्या तरंगंबाडीला १७०६ साली उतरलेला पहिला प्रोटेस्टंट मिशनरी झीगेनबाल्ग याच परंपरेतला. पण फ्रांकेच्या मते खेळ म्हणजे सैतानाला उघडं ठेवलेलं दार. मोकळ्या वेळात पोरांनी काहीतरी उपयोगाचं करावं. इंग्लंडात जॉन वेस्लीनं १७४८ साली किंग्जवुडची शाळा काढली, तिच्या नियमांत खेळाला जागाच नव्हती. पहाटे चारला उठायचं, वर्षभर सुट्टी नाही. दोघेही दुष्ट नव्हते. मूल जन्मतःच पापी, त्याचा हट्ट मोडला तरच त्याचा उद्धार, अशी त्यांची प्रामाणिक श्रद्धा होती. आपल्याकडे तरी 'छडी लागे' वगैरे काय कमी होतं?

आता त्याच चर्चमधला दुसरा माणूस बघा.

फ्रान्सच्या पूर्वेला, स्ट्रासबुर्गपासून साधारण साठ किलोमीटरवर, वोज डोंगरात एक खोरं आहे. फ्रेंचमध्ये 'बाँ द ला रॉश', जर्मनमध्ये 'श्टाइनटाल', म्हणजे दगडी खोरं. नावातच सगळं आलं. हिवाळा लांबलचक, माती पातळ, तीस वर्षांच्या युद्धानं उजाड झालेली गावं. लोक बोलायचे ते एक स्थानिक बोली, जी डोंगराबाहेर कुणाला कळायची नाही. तिथे श्ट्युबर नावाचे पाद्री आले तेव्हाची गोष्ट सांगतात. ते शाळा बघायला गेले तर पोरं नुसती गोंगाट करत होती आणि म्हातारा मास्तर कोपऱ्यात खाटेवर पडलेला. "काय शिकवता?" "काही नाही." "का?" "मलाच काही येत नाही. मी गावची डुकरं राखायचो. वय झालं, डुकरं झेपेनात, म्हणून मला पोरं राखायला दिली." मी हे वाचून खूप हसले, आणि मग हसू थांबलं. बालवाडीच्या ताईंना आपण आजही किती पगार देतो, ते आठवलं.

श्ट्युबरांनंतर १७६७ साली तिथे योहान फ्रीडरिष ओबरलिन आला. वय २६, स्ट्रासबुर्गचा, शिकलेला. आल्या आल्या त्यानं प्रवचनं बाजूला ठेवून कुदळ उचलली. गावाला बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ताच नव्हता. लोक म्हणाले, जमणार नाही. हा स्वतः दगड फोडायला लागला तेव्हा लोक मागून आले. रस्ता झाला, ब्रुश नदीवर पूल झाला. बटाट्याचं चांगलं बियाणं आलं, फळझाडांची कलमं आली. गेल्या वर्षी लेकानं मला गाडीनं तिथे नेलं. वाल्डर्सबाख हे गाव अजूनही एवढंसं आहे. पाद्र्याच्या घराचं आता संग्रहालय केलंय.

पण लहान मुलांचं काम मुळात ओबरलिननं सुरू केलेलं नाही, आणि मला या सगळ्यात जास्त भिडलं ते हेच. त्याच्या पाच गावांच्या परगण्यात सारा बाँझे नावाची एक शेतकऱ्याची मुलगी होती. आईबाप शेतात गेले की लहान पोरं उकिरड्यावर, ओढ्याकाठी भटकायची. ती त्यांना आपल्या घरी गोळा करायची आणि विणकाम शिकवायची. स्वतः ती ते कुठून तरी शिकून आली होती. बापाला हे मुळीच पसंत नव्हतं. घरची कामं सोडून दुसऱ्यांची शेंबडी पोरं सांभाळायची, हा काय धंदा! ओबरलिनच्या कानावर हे गेलं, तेव्हा त्यानं बापाची समजूत काढली आणि १७६९ साली साराशी रीतसर करार केला. ठरलेल्या पगारावर. म्हणजे तिचं काम हे 'काम' आहे असं कुणीतरी पहिल्यांदा कागदावर मान्य केलं. सारा १७७४ साली तिशीच्या आतच गेली. पण तोवर दुसऱ्या गावांतही तिच्यासारख्या मुली तयार झाल्या होत्या. ओबरलिनची बायको मादलेन-सालोमे हे सगळं बघायची.

या जागेला म्हणत 'प्वाल आ त्रिकोते'. शब्दशः विणकामाची शेगडी. शेगडी म्हणजे जिथे शेगडी असते ती उबदार खोली. डोंगरातल्या हिवाळ्यात घरातली तीच एक बसायची जागा. आपल्याकडे जशी ओसरी किंवा चूल, तसं. आणि शिकवणाऱ्या बाईला 'मास्तरीण' नाही म्हणायचे. शब्द होता 'कोंदुक्त्रीस', म्हणजे हात धरून वाट दाखवणारी. वाटाडी.

तिथे काय चाले? अगदी धाकटी, दोन-तीन वर्षांची, नुसती खेळत आणि ऐकत. चार-पाचच्या पुढची विणत, सूत कातत. मध्येमध्ये ताई रंगीत चित्रं दाखवी. बायबलमधली, आणि प्राण्यांची, झाडांचीही. ती फ्रेंचमध्ये नावं सांगे, मुलं पाठोपाठ म्हणत. शिक्षा नाही, घोकंपट्टी नाही. हवा बरी असली की सगळी वरात डोंगरावर. फुलं आणायची, नावं ओळखायची, वाळवून कागदावर चिकटवायची. मोठ्यांनी ती फुलं चितारायची. नकाशे असत, आणि ते आधी आपल्या खोऱ्याचे, मग आल्सासचे, मग फ्रान्सचे. (शिक्षक मंडळींनो, 'परिसर अभ्यास' म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो ते हेच की नाही?) गाणी, गोष्टी, प्रार्थना.

आता कुणी म्हणेल, विणकाम हा खेळ कसा? बरोबर आहे. विणलेल्या मोज्यांना किंमत होती, आणि गरिबाघरी पाच वर्षांच्या बोटांनाही काम असायचं. मी त्याला सोन्याचा मुलामा देणार नाही. पण फ्रांकेच्या शाळेतलं काम आणि हे काम यात मला फरक दिसतो. तिथे हात रिकामा राहिला तर पाप होईल म्हणून काम. इथे हातातल्या कामाबरोबर तोंडात गाणं, डोळ्यापुढे चित्र, आणि कंटाळा आला की उठून खेळायची मोकळीक. संग्रहालयात त्या काळची वाळवलेली फुलं, चित्रांचे पत्ते, लाकडी खेळणी मांडून ठेवली आहेत. ओबरलिन ही असली सगळी चीजवस्तू आयुष्यभर जमवत राहिला. देवाची ओळख व्हायची तर आधी देवानं केलेली पानंफुलं मुलाच्या हातात दिली पाहिजेत, असं त्याचं म्हणणं.

(साहित्यवाल्यांसाठी जाता जाता: १७७८ च्या हिवाळ्यात लेन्झ हा जर्मन कवी मनाचा तोल गेलेल्या अवस्थेत याच घरी येऊन राहिला होता. त्यावरची गेऑर्ग ब्युशनरची कथा जर्मनीत अभ्यासाला असते.)

साधारण त्याच सुमाराला बेलफॉस गावची पंधरा वर्षांची एक पोर घरकामाला आली. लुईझ शेप्लर. १७८३ साली मादलेन-सालोमे गेली. मागे सात लेकरं. लुईझनं ती सातही वाढवली, आणि वर पाच गावांतल्या विणकाम-खोल्याही चालवल्या, बर्फातून पायी फिरून. पुढे तिनं ओबरलिनला कळवलं की मला पगार नको, मला तुमची मुलगीच समजा. ओबरलिन १८२६ साली गेला. १८२९ साली पॅरिसच्या फ्रेंच अकादमीनं लुईझला सद्गुणासाठीचं माँतियों पारितोषिक दिलं, ५००० फ्रँकचं. आणि तिच्याबद्दल बोलायला उभा राहिला कोण, तर जॉर्ज क्युव्हिए, हाडांवरून नामशेष प्राणी ओळखणारा जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ! लुईझनं ते पैसे पुन्हा गावाच्याच कामाला लावले.

ओबरलिनची कबर फूदे गावच्या चर्चच्या आवारात आहे. लोखंडी क्रूसावर फक्त 'पापा ओबरलिन' अशी अक्षरं. अमेरिकेत ओहायोतलं ओबरलिन कॉलेज १८३३ साली निघालं ते त्याच्याच नावानं. साराच्या नावानं असलं काही निघालेलं मला आढळलं नाही.

आता शब्द देणाऱ्याकडे येते. फ्रीडरिष फ्रोबेल. जन्म १७८२, थुरिंगियातल्या ओबरवाइसबाख गावी, बाप लूथरन पाद्री. पोर नऊ महिन्यांचं असताना आई गेली. बाप करडा आणि कामात बुडालेला. त्यानं स्वतः मुलाला वाचायला शिकवायचा प्रयत्न केला आणि ठरवून टाकलं की हा मंद आहे. मग गावच्या मुलींच्या शाळेत घातला. दहाव्या वर्षी मामा येऊन आपल्या घरी घेऊन गेला. हा मामाही पाद्रीच, पण मायाळू. तिथे पहिल्यांदा बरोबरीची मुलं मिळाली, आणि फ्रोबेलच्या लक्षात आलं की आपल्याला खेळताच येत नाही! ज्याला स्वतःला लहानपण मिळालं नाही त्यानं ते जगाला मिळवून दिलं, असलं वाक्य इथे लिहायचा मोह होतोय, पण नको. माणूस स्वभावानं चमत्कारिक होता, लिहायचा तर इतकं दुर्बोध की जर्मन लोकच कपाळाला हात लावतात.

१८३७ साली त्यानं बाड ब्लांकेनबुर्गला लहान मुलांच्या खेळासाठी संस्था काढली. २८ जून १८४० रोजी, छपाईच्या शोधाला ४०० वर्षं झाल्याचा उत्सव गावात चालू असताना, तिला 'किंडरगार्टन' हे नाव दिलं. बाग हा शब्द नुसता शोभेचा नव्हता. तिथे खरोखर प्रत्येक मुलाला जमिनीचा तुकडा असे, पेरायला.

त्याच्या खेळण्यांना तो 'देणगी' म्हणायचा. पहिली देणगी: लोकरीचे सहा चेंडू, सहा रंगांचे, दोरीला बांधलेले. ताई चेंडू ओंजळीत लपवते, पुन्हा दाखवते. गेला, आला. आपलं 'बुवाऽऽ कुक' दुसरं काय असतं? एवढ्याशा खेळात मूल केवढं शिकतं: वस्तू दिसेनाशी झाली तरी ती असते, आणि परत येते. दुसरी देणगी: लाकडी गोळा, ठोकळा आणि दंडगोल. मग आठ तुकडे होणारा ठोकळा, आणि असं पुढे पुढे. १८४४ साली त्यानं आयांसाठी गाण्यांचं आणि बोटांच्या खेळांचं पुस्तक काढलं. आपण तळहातावर मोर बसवतो, त्याच जातीचे खेळ. त्यात चर्चचाही एक खेळ आहे, बोटं गुंफून दार आणि खिडकी करायची.

फ्रोबेलच्या दृष्टीनं हे धर्माचंच काम होतं. सगळ्या वस्तूंत एकच सूत्र आहे, ते सूत्र म्हणजे देव, आणि मुलाला ते खेळताना आपोआप उमगतं. आपल्याला हे अद्वैत जवळचं वाटेल. तिथल्या सनातन्यांना वाटलं नाही! मूल जन्मतः पापी नाही, चांगलं आहे, असं हा म्हणतो; मग ख्रिस्तानं तारायचं कुणाला? चर्चकडे लहानग्यांच्या शाळा तेव्हा होत्याच. कायझर्सवेर्थला फ्लीडनर पाद्रीबुवांनी १८३० च्या दशकातच ती सुरू केली होती आणि त्यासाठी तरुण बायकांना शिक्षणही देत होते. पण तिथे भर शिस्त, प्रार्थना, बायबलच्या गोष्टी यांवर. एकाच चर्चमध्ये दोन बालवाड्या, आणि दोघींचं एकमेकींशी पटत नव्हतं.

आणि मग ७ ऑगस्ट १८५१ ला प्रशियाच्या सरकारनं किंडरगार्टनवर बंदी घातली. हो, बंदी. लोकरीच्या चेंडूंवर! शिक्षण आणि धर्मखात्याचा मंत्री कार्ल ओटो फॉन राउमर. आरोप: निरीश्वरवाद आणि समाजवाद. फ्रोबेलच्या कार्ल नावाच्या पुतण्यानं मुलींचं उच्च शिक्षण आणि किंडरगार्टन यावर जहाल पुस्तिका लिहिली होती, तिचं खापर काकाच्या डोक्यावर फुटलं. पुष्कळ ठिकाणी हे 'नावाच्या घोटाळ्यामुळे' झालं असं लिहितात. मला ते अर्धवट वाटतं. घोटाळा लक्षात आणून दिल्यावरही राउमरनं बंदी उठवली नाही, राजाकडे केलेला अर्जही फेटाळला गेला. १८४८ ची क्रांती नुकतीच चिरडली होती. हँबुर्गमध्ये ज्यू आणि ख्रिस्ती बायका एकत्र येऊन बालवाड्यांच्या कामाला लागल्या होत्या. अविवाहित मुलींना पोट भरायचं नवं साधन मिळत होतं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मुलं प्रश्न विचारायला शिकत होती. सरकारला पुरेसं कळलं होतं, असं माझं मत.

फ्रोबेल पुढच्याच वर्षी, जून १८५२ मध्ये गेला. श्वाइना गावी त्याच्या कबरीवर दगडाचा ठोकळा, त्यावर दंडगोल आणि त्यावर गोळा ठेवलाय. बंदी उठली १८६० साली. आज त्याच देशात चर्च हे किंडरगार्टनच्या सगळ्यांत मोठ्या पालकांपैकी एक आहे, आणि खेळूनच शिकवतं. एवढ्या उलट्या फेऱ्याला शंभर-सव्वाशे वर्षं लागली.

बंदीनं झालं काय, तर फ्रोबेलच्या शिष्या देशोदेशी पांगल्या. अमेरिकेत पहिली किंडरगार्टन १८५६ साली विस्कॉन्सिनमध्ये मार्गारेटे शुर्त्स या जर्मन बाईनं घरात चालवली. पुढे शहरांतल्या चर्चनी गरीब स्थलांतरितांच्या मुलांसाठी मोफत वर्ग काढले. पण तिथेही सगळं सुरळीत नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोत सारा कूपर ही चर्चमध्ये बायबलचा वर्ग घेणारी बाई. तिनं १८७९ साली आपल्या वर्गाच्या मदतीनं दारूगुत्त्यांच्या वस्तीत बालवाडी उघडली. दोनच वर्षांनी तिच्याच चर्चमधल्या एकानं तिच्यावर पाखंडीपणाचा खटला भरला, कारण अनंतकाळच्या नरकाची शिक्षा वगैरे ती वर्गात शिकवत नव्हती. बाईनं शांतपणे चर्च बदललं. खटल्याची बातमी पेपरात गाजली आणि त्यातूनच तिच्या बालवाड्यांना पैसे देणारे वाढले!

आता आपल्या घरची गोष्ट. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला इंग्लंडहून पंडिता रमाबाई गेल्या होत्या, हे आपल्याला माहीत असतं. त्या तिथेच थांबल्या आणि किंडरगार्टनचं शिक्षण घ्यायला लागल्या, हे सहसा कुणी सांगत नाही. विचार करा. ज्या बाईला जंगलात, तीर्थयात्रेत, आईनं पहाटे उठवून तोंडी संस्कृत शिकवलं, जिला भागवत मुखोद्गत, कलकत्त्याच्या पंडितांनी जिला 'सरस्वती' म्हटलं, ती अठ्ठावीस वर्षांची विधवा लोकरीचे चेंडू आणि लाकडी ठोकळे हाताळत बसली होती. पाठांतराचं शिखर गाठलेल्या बाईला पाठांतराच्या पलीकडलं हवंसं वाटलं, याला माझ्या लेखी फार वजन आहे. तिच्या मनात हिशेब पक्का होता: लहान वयात विधवा झालेल्या मुलींना सन्मानानं जगायचं तर हातात व्यवसाय हवा, आणि बालशिक्षिका होणं हा तो व्यवसाय. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. बरोबर तीन वर्षांनी, त्याच तारखेला.

पुढचं धर्मांतराचं वादळ, १८९३ साली पालकांनी सदनातून मुली काढून नेणं, हे सगळं सर्वांना ठाऊक आहे. त्या वादात दोन्ही बाजूंनी इतकं लिहिलं गेलं की चेंडू-ठोकळे कोपऱ्यात पडले. रमाबाई ख्रिस्ती झाल्या याचा राग धरणाऱ्यांनी त्यांच्याकडून घ्यायच्या गोष्टीही घेतल्या नाहीत, असं मला स्पष्ट वाटतं. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनच्या बायकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किंडरगार्टन आणि शिक्षिकांसाठी प्रशिक्षणवर्ग चालवले. मराठी मुली तिथून शिकून बाहेर पडल्या. आमच्या बी.एड.च्या पुस्तकात त्यावर एक ओळ नव्हती. ताराबाई मोडकांवर होती, आणि ते योग्यच. बोर्डीला १९४५ साली आणि १९५७ पासून कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघांनी जे केलं, ते तर साराच्या विणकाम-खोलीची सख्खी बहीण. गुरं राखणारी वारली पोरं शाळेत येऊ शकत नाहीत ना, मग शाळाच कुरणात न्यायची. कुरणशाळा! धर्म वेगळा, शतक वेगळं, पण आई रानात आणि मूल मोकाट, ही अडचण तीच.

सूनबाईंना मी काय सांगितलं? प्राथमिकला असताना ऊसतोडीवाल्यांची मुलं माझ्याकडे सातव्या-आठव्या वर्षी पहिल्यांदा पाटी धरायची. ज्यांनी रानात मोजलेलं, बांधलेलं, भांडून वाटून घेतलेलं असायचं, ती एका हंगामात अक्षरं उचलायची. ज्यांना आधी मारून शिकवलेलं असायचं, त्यांची भीती घालवण्यातच माझं वर्ष जायचं. आणि तिच्या नजरेतून सुटलेली एक गोष्ट सांगितली. नातीच्या बालवाडीत जेवणाची ताटं मुलंच मांडतात. आज कोण आलं नाही हे आठवायचं, तेवढी ताटं कमी करायची, पेले ताटांइतकेच आहेत का बघायचं. एके दिवशी दोघं आजारी आणि एक पाहुणा, असा मामला होता. बाईसाहेबांनी तो जमवला. वजाबाकीची अक्षरं यायची आहेत, वजाबाकी आली आहे. सूनबाईंना हे निम्मं पटलं. सरावाच्या चार वह्या तिनं तरीही मागवल्यात. मागवू दे. आईचा जीव आहे.

आता नातेवाइकांना एक काम. सोलापूर, अहमदनगर (आता अहिल्यानगर म्हणायचं), केडगाव, पुणे या बाजूच्या कुणाच्या आजी, पणजी, मावशी मिशनच्या बालवाडीत शिकवत असतील किंवा शिकल्या असतील, तर मला कळवा. फोटो, प्रमाणपत्र, हस्तलिखित गाण्यांची वही, ट्रंकेच्या तळाशी पडलेले रंग उडालेले लोकरीचे चेंडू, काहीही चालेल. त्या बायकांची नावं कुठल्याच पुस्तकात नाहीत. मला ती लिहून ठेवायची आहेत, आणि वय बघता जरा लवकर कळवलंत तर बरं.